ग्रामपंचायतीला उभं राहायचंय? आधी यादी, मग कागद, प्रचार शेवटी

१८ डिसेंबर २०२२ रोजी राज्यातल्या ७,७५१ ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. त्या कार्यक्रमाच्या तारखा नीट पाहा. निवडणुकीची नोटीस १८ नोव्हेंबरला. अर्ज २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर. छाननी ५ डिसेंबरला, माघार ७ डिसेंबरच्या दुपारी तीनपर्यंत आणि त्याच दुपारी चिन्हवाटप. चिन्ह हातात पडल्यापासून मतदानापर्यंत जेमतेम दहा दिवस! बहुतेक इच्छुक सगळी ताकद या दहा दिवसांसाठी राखून ठेवतात आणि पद मात्र दुसरीकडेच हुकतं: दोन महिने आधी न पाहिलेल्या मतदार यादीत, थकलेल्या घरपट्टीत, अर्धवट जातपडताळणीत, नाहीतर निकालानंतर न दिलेल्या खर्चाच्या हिशेबात. म्हणून या लेखात प्रचाराला जागा कमी आहे आणि कागदांना जास्त.

जागा किती आणि तुमची कोणती

ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते. १,५०० पर्यंत ७ सदस्य, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, ६,००० पर्यंत १३, ७,५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे १७. ही लोकसंख्या जनगणनेची धरतात, गावात आज दिसते ती नव्हे. सरपंच या संख्येच्या वेगळा. २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. त्यामुळे आज मतदार सरपंचाला एक मत देतो आणि आपल्या प्रभागात जितक्या जागा, तितकी मतं सदस्यांना.

प्रभागात सहसा दोन किंवा तीन जागा असतात आणि प्रत्येक जागेला स्वतंत्र नाव असतं: १-अ, १-ब, १-क. यातली प्रत्येक जागा ही वेगळी लढत आहे, आणि नवख्या उमेदवाराचा घोळ इथेच होतो. 'प्रभाग एकमधून पहिले तीन येतील' असं काही नसतं. १-अ मध्ये ज्याला सर्वांत जास्त मतं तो १-अ चा सदस्य, मग १-ब मध्ये हरलेल्याला त्याच्यापेक्षा दुप्पट मतं का असेनात. त्यामुळे कोणत्या प्रभागातून लढायचं इतकाच प्रश्न नसतो, त्यातली कोणती जागा हेही आधी ठरवावं लागतं.

जागांवरचं आरक्षण गावातल्या विशेष ग्रामसभेत सोडत काढून ठरतं. सरपंचपदाचं आरक्षण गावात ठरत नाही, त्याची सोडत तालुक्याची असते. एकूण जागांपैकी निम्म्या महिलांसाठी. अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात. ओबीसींच्या जागांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये घातलेली अट लक्षात ठेवा: अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून आरक्षण ५० टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणून आदिवासी लोकसंख्या जास्त असलेल्या तालुक्यात ओबीसी जागा अगदी कमी किंवा शून्यही दिसतात. आणि पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या गावांत सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच राखीव असतं, तिथे सोडतीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आरक्षण म्हणजे त्या गटातल्या माणसाने तिथेच उभं राहावं अशी सक्ती नव्हे. महिला सर्वसाधारण जागेवर उभी राहू शकते, अनुसूचित जातीची महिला सर्वसाधारण महिला जागेवर राहू शकते. ज्यांची जातपडताळणी अडकलेली आहे त्यांनी हा पर्याय आधी तपासावा. त्याचं कारण पुढे येईलच.

प्रभागरचनेचा नकाशा तहसील कार्यालय तयार करतं. प्रारूप चावडीवर लागतं, हरकतींना मोजके दिवस असतात, सुनावणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे होते. 'आमची आळी मुद्दाम तोडली' ही हरकत टिकत नाही. 'हा ओढा ओलांडून पलीकडची वीस घरं या प्रभागात घेतली, मधला रस्ता सीमा म्हणून धरलेला नाही आणि लोकसंख्येचा आकडा अमुक इतका चुकतो' अशी नकाशावर बोट ठेवून लिहिलेली हरकत टिकते.

मतदार यादी

राज्य निवडणूक आयोग स्वतः मतदार नोंदवत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला जशी असेल तशी घेतली जाते आणि तहसीलदार ती प्रभागांत विभागतात. यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाल्यावर नाव नोंदवायला धावलात तर उपयोग नाही. नमुना ६ (नवीन नाव) किंवा नमुना ८ (पत्ता बदल, दुरुस्ती) त्या ठरलेल्या तारखेच्या कितीतरी आधी मंजूर झालेला हवा. दुसरी, प्रारूप यादीवरच्या हरकतीत मयताचं नाव काढा, अमक्याचं घाला असलं काही होत नाही. विधानसभेच्या यादीत असूनही गावाच्या यादीत न आलेलं नाव, चुकीच्या प्रभागात पडलेलं नाव, लेखनिकाची चूक, एवढंच दुरुस्त होतं. आणि तिसरी, सगळ्यांत महागात पडणारी: चुकीच्या प्रभागात गेलेली घरं.

हे काम कसं करायचं ते सांगतो, कारण फार थोडे लोक करतात. प्रारूप यादी मिळाली की प्रभागाच्या सीमेवरचे रस्ते धरून चालत जा आणि दारोदार पाहा की या घरातली चारही नावं याच प्रभागात आहेत का. नवरा प्रभाग दोनमध्ये, बायको तीनमध्ये, असं सर्रास सापडतं. अशी कुटुंबं वहीत लिहा, यादीतला अनुक्रमांक आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाका आणि मुदतीत एकगठ्ठा हरकत द्या. पोच घ्या. पोच नसेल तर हरकत दिलीच नाही असं समजा.

उमेदवाराचं स्वतःचं नाव गावाच्या यादीत असलं की पुरे, ते त्याच प्रभागात असायची गरज नाही. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा मतदार, मात्र ज्या प्रभागातून लढताय त्या प्रभागाच्या यादीतलाच हवा. लगतच्या प्रभागातला चुलतभाऊ सूचक म्हणून घेतला आणि अर्ज उडाला, हा प्रकार जुनाच आहे.

अपात्रता: आधी स्वतःची छाननी करा

वय २१ पूर्ण हवं. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्म असेल तर किमान सातवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा हवा. त्याआधी जन्मलेल्यांना शिक्षणाची अट नाही. इथवर सोपं आहे. खरी यादी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये आहे. निवडून आल्यावर हरलेला माणूस जो अर्ज घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो तो बहुतेक वेळा याच कलमाचा असतो, म्हणून त्यातल्या चार गोष्टी सविस्तर.

थकबाकी. ग्रामपंचायतीचं किंवा जिल्हा परिषदेचं देणं, मागणीचं बिल रीतसर मिळाल्यापासून तीन महिन्यांत न भरलेला माणूस अपात्र. घरपट्टी आणि पाणीपट्टी दोन्ही आल्या. लोक स्वतःच्या नावाची पावती फाडून निर्धास्त होतात. पण याच कलमाच्या स्पष्टीकरणात एकत्र कुटुंबातल्या एकाची थकबाकी सगळ्यांना लागू होते असं म्हटलं आहे. घर वडिलांच्या नावावर, पाण्याचं कनेक्शन मोठ्या भावाच्या नावावर आणि उमेदवार धाकटा, असं असेल तर तिन्ही नावांचा बेबाकी (थकबाकी नसल्याचा) दाखला घ्या. मळ्यातल्या घराची वेगळी आकारणी असेल तर तीही पाहा. आणि गाळा भाड्याने घेतला असेल तर त्याचं भाडंही. दाखला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून घ्यायचा. २०२४ पासून ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी या दोन्ही पदांचं हे नवं नाव आहे. गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात.

अतिक्रमण. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. 'ते तर आजोबांनी केलं होतं' हा बचाव पूर्वी चालून जायचा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला: मूळ अतिक्रमण कुटुंबातल्या कुणीही केलेलं असो, त्या जागेत तुम्ही राहत असाल किंवा ती वापरत असाल तर अपात्रता लागते. गावठाणाच्या रस्त्यावर पुढे आलेली पायरी, गायरानातला गोठा, शाळेच्या कुंपणाला टेकलेली टपरी, हे सगळं मोजणीत दिसतं. अर्ज भरण्याआधी नमुना ८ चा उतारा काढा (हा ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना ८, मतदार नोंदणीचा नव्हे), त्यातलं क्षेत्रफळ टेप लावून घराशी ताडून बघा. फरक निघाला तर वाढीव भाग काढून टाका आणि काढल्याचे तारखेसह फोटो ठेवा. एक भ्रम मात्र सोडा: नमुना ८ वर नाव आहे म्हणजे जागा आपली झाली, असं नसतं. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा कागद नव्हे. अतिक्रमणावरसुद्धा घरपट्टी बसते.

तिसरं अपत्य. कायदा लागू झाला १३ सप्टेंबर २००० ला आणि त्यात एक वर्षाची सवलत होती. म्हणून व्यवहारात पाहिली जाणारी तारीख १२ सप्टेंबर २००१. त्यानंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली तर अपात्र. त्या तारखेआधीच तीन-चार अपत्यं असतील आणि पुढे वाढ झाली नसेल तर अडचण नाही. पहिलं एक अपत्य आणि दुसऱ्या बाळंतपणात जुळं, तर ते जुळं एकच धरतात, तेव्हा तीन मुलं असूनही पात्र. मूल दत्तक दिलं म्हणून संख्या कमी होत नाही. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख पुढेमागे करून घेण्याचे उद्योग करू नका, कारण विरोधक दवाखान्यातली नोंद, अंगणवाडीचं रजिस्टर आणि रेशनकार्ड हे तिन्ही घेऊन येतात.

ग्रामपंचायतीच्या कामात हितसंबंध. ग्रामपंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कामात थेट किंवा भागीदारामार्फत वाटा असेल तर अपात्र. गटाराचं काम घेतलेला ठेकेदार हे उघड उदाहरण. पण टँकर लावणारा, बोअरची मोटर दुरुस्त करून बिल लावणारा, स्टेशनरी पुरवणारा दुकानदार यांनीही उभं राहण्याआधी तो व्यवहार संपवून शेवटचं बिल चुकतं करून घ्यावं. निवडून आल्यावर भावाच्या नावाने बिल काढायचं ठरवलं तर त्याचीही चौकशी होते.

याशिवाय घरी शौचालय असून ते वापरात असल्याचा दाखला लागतो. पोलीस पाटील, शिक्षक आणि इतर सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या पगारी नोकरांना नोकरी सोडल्याशिवाय उभं राहता येत नाही, आणि राजीनामा नुसता देऊन भागत नाही, तो मंजूर झालेला असावा लागतो.

जातपडताळणी

राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र आणि त्याची वैधता, दोन्ही लागतात. वैधता नसेल तर जिल्हा जातपडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि निवडून आल्यापासून १२ महिन्यांत वैधता सादर करीन असं हमीपत्र, यावर अर्ज स्वीकारतात. ही मुदत संपली आणि कागद आला नाही तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने आपोआप रद्द झाली असं कायदा मानतो. 'समितीनेच उशीर केला' हे कारण न्यायालयात टिकलेलं नाही. सरकारने अधूनमधून अध्यादेश किंवा कायदा करून मुदत वाढवली आहे, २०२३ मध्येही वाढवली होती, पण पुढच्या खेपेला वाढेलच या भरवशावर बसू नका.

समिती काय पाहते? वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने पुरावे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीपासून कुटुंब राज्यात राहत असल्याचं आणि जात तीच असल्याचं दाखवावं लागतं. आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने फेरफार, खरेदीखत. घरात वडील, सख्खे काका, आत्या, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाची वैधता आधीच झालेली असेल तर काम फार सोपं होतं. ती प्रत आणि तिच्यापर्यंत पोचणारी वंशावळ जोडा.

विवाहित महिलांच्या बाबतीत जात ही जन्माने, म्हणजे माहेरची. सासर ओबीसी आहे म्हणून खुल्या प्रवर्गातली सून ओबीसी जागेवर उभी राहू शकत नाही. माहेर ओबीसी असेल तर सगळे पुरावे माहेरचे हवेत आणि माहेरचं नाव व सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र. हे कागद माहेरच्या जिल्ह्यातून आणायला आठ-पंधरा दिवस सहज जातात आणि अर्जाला मिळतात पाच दिवस. 'महिला राखीव पडलंय, वहिनींना उभं करू' असं आयत्या वेळी ठरवणाऱ्या पॅनलची दमछाक इथेच होते.

अर्ज आणि छाननी

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, सोबत मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्हे यांची माहिती देणारं शपथपत्र भरायचं. मग दोन्हींची छापील प्रत काढून, सही करून ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत स्वतः द्यायची. ऑनलाइन भरला म्हणजे दाखल झाला, असं नाही. शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ रेंगाळतं. २०२० च्या डिसेंबरअखेर आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये ते इतकं रेंगाळलं की आयोगाला हाताने भरलेले अर्ज घ्यायची परवानगी द्यावी लागली. पहिल्या दिवशी भरणाऱ्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही. मुहूर्त बघणाऱ्यांना सोसावं लागतं.

सेवा केंद्रात बसून एकच मुलगा दिवसाला साठ-सत्तर अर्ज भरत असतो, त्यामुळे चुका ठरलेल्या: जागेचं अक्षर चुकणं (१-अ ऐवजी १-ब), यादीतला अनुक्रमांक चुकणं, शपथपत्रातला रकाना कोरा सोडणं. 'लागू नाही' असेल तरी तसं लिहायचं, कोरं ठेवायचं नाही. सदस्यपदासाठी अनामत खुल्या गटात ५०० रुपये आणि राखीव गटात १०० रुपये आहे. राखीव गटाची सवलत घेतली तर जात प्रमाणपत्र जोडा, जागा खुली असली तरी. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं अर्जाआधीच उघडून ठेवा. पॅनलने मुख्य उमेदवाराबरोबर एक डमी अर्ज भरायचा असतो, आणि तो डमी सगळ्या दृष्टीने निवडून यायच्या लायकीचा हवा, कारण मुख्य अर्ज उडाला तर तोच उमेदवार.

छाननीला स्वतः जा. तिथे प्रत्येक अर्ज हाती घेऊन अधिकारी हरकत विचारतो. हरकत असेल तर ती तोंडी बोलून सोडू नका, लेखी द्या, पुराव्याची प्रत जोडा. तुमच्यावर हरकत आली तर उत्तर तिथेच द्यावं लागतं, म्हणून वर सांगितलेल्या कागदांची मूळ प्रतींसह फाइल बगलेत हवी. अर्ज फेटाळला तर निर्णयाची कारणांसह प्रत मागून घ्या.

माघार, बिनविरोध आणि चिन्ह

माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तहसील कार्यालयाच्या आवारात जे चालतं त्याबद्दल फार लिहायला नको. बिनविरोध निवडणूक होणं कायद्यात बसतं. पद विकणं बसत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या निवडणुका पदाच्या लिलावाच्या कारणावरून आयोगाने रद्द केल्या. मंदिरासाठी देणगी म्हणा की गावाच्या भल्यासाठी म्हणा, बोली लागली की तो लिलावच.

ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही. मुक्त चिन्हं असतात: कपबशी, छत्री, पतंग, शिट्टी अशी. अर्जात पसंतीक्रम द्यायचा असतो. पॅनलला सगळ्या जागांवर एकच चिन्ह हवं असतं, कारण मग प्रचाराचं वाक्य एकच राहतं. ते एखाद्या जागेवर दुसऱ्याला गेलं तर तिथला आपला उमेदवार एकटा पडतो आणि विरोधकाला आपल्याच चिन्हाची मतं पडतात. म्हणून प्रचारपत्रकं चिन्हवाटप झाल्यावरच छापायला द्या. आणि त्यांवर मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या छापा.

मतांचं गणित

समजा प्रभागात ६०० मतदार आहेत. ८० टक्के मतदान धरलं तर ४८०. तुमच्या जागेवर तिघे उभे आहेत आणि 'नोटा'ला १५ गेली. उरली ४६५. तिघांत सारखी विभागली तर प्रत्येकी १५५. म्हणजे १९० च्या आसपास मिळाली तर जागा बहुधा तुमची. दुरंगी लढत असेल तर हाच आकडा २३५ वर जातो. आता यादी घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा: आपलं, त्यांचं, नक्की नाही. आणखी एक खूण बाहेरगावी असलेल्यांसाठी. पुण्या-मुंबईत किंवा साखर कारखान्यावर गेलेले ४०-५० मतदार एखाद्या प्रभागात असतातच आणि निकाल पाच-दहा मतांवर ठरतो. त्यांना फोन करा, तारीख कळवा. गाडी पाठवून आणू नका. मतदारांची ने-आण करणं हा गैरप्रकार आहे आणि त्यावरून निवड रद्द होऊ शकते. शिवाय गाडीभाडं तुमच्या खर्चात धरलं जातं.

सरपंचपदाचं गणित याहून वेगळं. तिथे अख्खं गाव मतदार, त्यामुळे एका वाडीचा किंवा एका भावकीचा उमेदवार सदस्य म्हणून सहज येतो पण सरपंच म्हणून अडकतो.

मतदानयंत्रावर प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते. सरपंचाची फिकट निळी, अनुसूचित जातीच्या जागेची फिकट गुलाबी, जमातीची फिकट हिरवी, ओबीसींची फिकट पिवळी आणि सर्वसाधारण जागेची पांढरी. तीन जागांच्या प्रभागात मतदाराला चार बटणं दाबायची असतात आणि चारही झाल्यावरच लांब आवाज येतो. म्हाताऱ्या माणसांना एक बटण दाबून बाहेर यायची सवय असते. घरोघरी गेलात की पुठ्ठ्यावर रंगीत पट्ट्या चिकटवून हे दाखवा: 'आजी, निळ्यावर एक, गुलाबीवर एक, पांढऱ्यावर दोन, मग आवाज येईल, मग निघायचं.' या पाच मिनिटांत जेवढी मतं वाचतात तेवढी भाषणाने मिळत नाहीत. या यंत्राला विधानसभेसारखी चिठ्ठी दाखवणारी पेटी जोडलेली नसते, हेही विचारणाऱ्यांना सांगून ठेवा.

खर्चाचा हिशेब

२०१७ च्या आदेशाने ठरलेल्या मर्यादा अशा होत्या, २०२५ मध्ये त्या वाढवल्या गेल्या. सदस्यासाठी: ७ आणि ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत २५ हजार, ११ आणि १३ ला ३५ हजार, १५ आणि १७ ला ५० हजार. थेट सरपंचासाठी याच क्रमाने ५० हजार, १ लाख आणि पावणेदोन लाख. तुमच्या निवडणुकीच्या कार्यक्रमासोबत आयोगाचं खर्चाचं परिपत्रक लागतं, त्यातला आकडा अंतिम माना.

पॅनलचा खर्च वाटून घ्यायचा असतो. स्पीकर लावलेली रिक्षा चार दिवस फिरली, रोजचे २,००० प्रमाणे ८,००० झाले, तिच्यावर सरपंच आणि तीन सदस्य अशा चौघांचा फलक होता, तर प्रत्येकाच्या हिशेबात २,००० यायला हवेत. सगळेच्या सगळे सरपंचाच्या नावावर टाकले तर त्याची मर्यादा ओलांडते आणि उरलेल्या तिघांचा हिशेब खोटा ठरतो. मित्राने फुकट दिलेली गाडीही तिच्या बाजारभावाने लिहायची. चहा-नाश्ता, झेरॉक्स, मतदान प्रतिनिधींचं जेवण, सगळं. रोजच्या रोज लिहा, बिलं एका पाकिटात ठेवा. आयोगाच्या ट्रू व्होटर ॲपवर खर्च भरायची सोय आहे.

निकालापासून ३० दिवसांत हा हिशेब तहसील कार्यालयात द्यायचा. हरलेल्यांनीही आणि बिनविरोध आलेल्यांनीही. हरलेला उमेदवार मान खाली घालून शेताला लागतो, हिशेब राहून जातो आणि कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरतो. पुढच्या निवडणुकीला अर्ज भरायला गेल्यावर त्याला हे कळतं. शून्य खर्च असेल तर शून्याचा हिशेब द्या, पण द्या आणि पोच घ्या.

मतदान आणि मोजणी

मतदान बहुतेक ठिकाणी सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. तुमचा मतदान प्रतिनिधी त्याआधी केंद्रावर पोचलेला हवा, कारण मतदान सुरू होण्याआधी अभिरूप मतदान होतं. यंत्रावर प्रत्येक चिन्हासमोरचं बटण दाबून आकडा जुळतो का ते त्याने पाहायचं, मग यंत्र कोरं केल्याची आणि सीलवरच्या क्रमांकाची नोंद वहीत घ्यायची. प्रतिनिधी असा निवडा जो प्रभागातल्या माणसांना चेहऱ्याने ओळखतो.

मोजणीला एका प्रभागाचा निकाल काही मिनिटांत लागतो. फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्याआधी लेखी मागा, नंतर अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही. मतं समसमान पडली तर चिठ्ठी टाकतात, आणि ती चिठ्ठी अंतिम असते.

निवडून आल्यावर

निकालाला आव्हान द्यायचं असेल तर कलम १५ खाली १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. सोळाव्या दिवशी तो दरवाजा बंद. अपात्रतेची तक्रार मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पाच वर्षांत कधीही होऊ शकते आणि त्याविरुद्धचं अपील विभागीय आयुक्तांकडे जातं. म्हणून वरची फाइल निकालाच्या दुसऱ्या दिवशी माळ्यावर टाकू नका, दरवर्षी घरपट्टीची पावती तिच्यात घालत राहा.

पहिल्या सभेत उपसरपंच निवडतात. थेट निवडून आलेल्या सरपंचाकडे बहुमत असेलच असं नाही. सरपंच एका पॅनलचा आणि सदस्य दुसऱ्या पॅनलचे जास्त, हे आता नेहमीचं झालं आहे. मासिक सभेतले ठराव बहुमताने होतात, त्यामुळे अशा सरपंचाला प्रत्येक कामाला सदस्यांशी बोलावंच लागतं. त्याला काढणं सोपं नाही. पहिली दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने अविश्वास ठराव आणता येत नाही, मधल्या काळात तो तीन चतुर्थांश सदस्यांनी मंजूर करावा लागतो आणि वर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने गावाची संमती लागते. पण मासिक सभा बोलावण्यात पुरेशा कारणाशिवाय कसूर केली तर कलम ३६ खाली तो स्वतःहून पद घालवून बसतो. ग्रामसभाही वर्षाला किमान चार घ्याव्या लागतात.

मानधन सप्टेंबर २०२४ मध्ये दुप्पट झालं: २,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला महिना ६,०००, ८,००० पर्यंत ८,००० आणि त्यापुढे १०,००० रुपये. उपसरपंचाला अनुक्रमे २,०००, ३,००० आणि ४,०००. निवडणुकीत मर्यादेपेक्षा चौपट पैसा ओतून तो 'वसूल' करायचा विचार असेल, तर ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण दरवर्षी होतं आणि वसुली निघाली तर ती सरपंचाच्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या खिशातून होते.